फ्रूटलेस जनुक आणि फळमाशीचे प्रियाराधन

सोलापुरातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला शिकणाऱ्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: फ्रूटलेस हे ड्रोसोफिलाच्या प्रियाराधनाचे जनुक आहे असे वर्गात शिकवले जाते, पण इतके टप्पे असलेले वर्तन एका जनुकावर कसे चालेल, चालत असेल तर निरनिराळ्या प्रजातींत ते निरनिराळे कसे झाले, आणि यातले काही साध्या प्रयोगशाळेत करून पाहता येईल का?

पहिल्या भागाचे उत्तर आधी देतो. फ्रूटलेस बिघडले की नराचे प्रियाराधन बिघडते, हे निर्विवाद आहे. परंतु एखादे जनुक बिघडल्यावर वर्तन बंद पडणे आणि त्या जनुकातल्या नैसर्गिक फरकांमुळे दोन नर किंवा दोन प्रजाती वेगळ्या वागणे, या अगदी निराळ्या गोष्टी आहेत आणि शिकवताना त्यांची सर्रास गल्लत होते. नर नरासारखा आणि मादी मादीसारखी का वागते, एवढ्याच फरकाचे उत्तर फ्रूटलेस देते. एक नर पाच मिनिटांत मीलन साधतो आणि त्याच बाटलीतला दुसरा तासभर मादीच्या मागे फिरत राहतो, याचा उलगडा फ्रूटलेसकडे बोट दाखवून होत नाही. ड्रोसोफिला मेलानोगास्टरचा नर ज्या रासायनिक संकेताने उत्तेजित होतो त्याच संकेताने तिच्या जवळच्या नातेवाईक प्रजातीचा नर मागे का सरतो, याचाही होत नाही. म्हणून कोणत्याही जनुकाबद्दल असे विधान वाचले की दोन गोष्टी विचाराव्यात: ते कोणत्या दोघांमधला फरक समजावून सांगते आहे, आणि ते शरीरात नेमके कोठे काम करते आहे. पुढचे सगळे विवेचन याच दोन प्रश्नांच्या आधाराने केले आहे.

एक खुलासा येथे आवश्यक आहे. आपल्या भागात फळमाशी म्हटले की बागायतदाराच्या डोळ्यांसमोर आंबा आणि पेरूत अंडी घालणारी, मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात अडकणारी मोठी माशी येते. ती बॅक्ट्रोसेरा, तिचे कुळच वेगळे आहे. आपला विषय असलेली ड्रोसोफिला म्हणजे पिकून काळ्या पडलेल्या केळ्यावर किंवा तडकलेल्या डाळिंबावर घोंघावणारी, दोन-तीन मिलिमीटर लांबीची चिलटे.

या चिलटांचे प्रियाराधन नुसत्या भिंगातून दिसते. नर मादीकडे तोंड करून उभा राहतो, तिच्यामागे चालू लागतो आणि पुढच्या पायाने तिच्या पोटाला हलकेच स्पर्श करतो; या पायावर चवीचे ग्राहक, म्हणजे चव टिपणारे रेणू, असल्यामुळे हा स्पर्श म्हणजे प्रत्यक्षात तिच्या त्वचेवरील मेणासारख्या हायड्रोकार्बनांची चव घेणे असते. मग तो एक पंख बाजूला काढून थरथरवतो आणि गातो. हे गाणे आपल्या कानाला ऐकू येत नाही, पण मादीच्या शृंगिकेवरील केसाळ ॲरिस्टा त्या हवेच्या हालचालीने डोलते आणि तिच्या मुळाशी असलेले जॉन्स्टनचे अंग ती हालचाल टिपते. गाण्यात दोन प्रकार असतात, सलग गुणगुण आणि ठरावीक अंतराने येणारे ठोके; मेलानोगास्टरमध्ये दोन ठोक्यांतील अंतर सुमारे 35 मिलिसेकंद असते. त्यानंतर नर सोंडेने मादीच्या जननांगाला स्पर्श करतो, पोट पुढे वाकवतो आणि तिच्यावर चढण्याचा प्रयत्न करतो. मीलन साधारणपणे 15 ते 20 मिनिटे चालते.

जुन्या वर्णनांत मादीला जणू काही भूमिकाच नसते, आणि ही मोठी उणीव होती असे माझे मत आहे. निर्णय तिचा असतो. नुकतीच कोषातून बाहेर पडलेली मादी पाय झाडते आणि पळते. परिपक्व कुमारी मादी गाणे ऐकून चाल मंदावते आणि योग्य क्षणी जननद्वाराच्या पट्टिका उघडते. मीलन झालेली मादी अंडनिक्षेपक बाहेर काढून नराला थेट नकार देते. नर या नकारातून शिकतो. 1979 मध्ये सीगल आणि हॉल यांनी दाखवले की मीलन झालेल्या मादीबरोबर काही काळ घालवलेला नर नंतर इतर माद्यांचेही प्रियाराधन कमी करतो. म्हणजे जे वर्तन आपण उपजत म्हणून शिकवतो त्यातही अनुभवाला जागा आहे.

आता जनुकांकडे वळू, आणि सुरुवात फ्रूटलेसने न करता पिवळ्या माशीने करू, कारण तिची कथा मला अधिक शिकवणारी वाटते. यलो या एक्स गुणसूत्रावरील जनुकात बिघाड झाला की माशीचा रंग पिवळा होतो. थॉमस हंट मॉर्गन यांचे शिष्य आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी 1915 मध्येच नोंदवले होते की असे पिवळे नर मीलनात मागे पडतात. मार्गारेट बॅस्टॉक यांनी 1956 मध्ये त्याचा बारकाईने अभ्यास केला, पिवळ्या नरांचे पंख थरथरवणे कमी पडते असे मांडले, आणि एका जनुकाच्या उत्परिवर्तनाने वर्तनाचा आराखडा बदलल्याचे हे अभिजात उदाहरण ठरले. साहजिकच पुढच्या अभ्यासकांनी कारण मेंदूत शोधले. 2019 मध्ये मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जनुक निरनिराळ्या ऊतींत बंद-चालू करून पाहिले, तेव्हा दोष मेंदूत नसून पायात असल्याचे निघाले. नराच्या पुढच्या पायावर जाड काळ्या केसांची एक फणी असते, तिला सेक्स कोंब म्हणतात. यलो नसेल तर या फणीत मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य बसत नाही, तिचे दात नीट घडत नाहीत आणि नराला मादीवर पकड घेता येत नाही. नर प्रियाराधन करतो, चढण्याचा प्रयत्नही करतो, पण घसरतो. साठ वर्षे ज्याला वर्तनाचे जनुक म्हटले ते पायाच्या केसांच्या घडणीतून मीलनावर परिणाम करत होते. बॅस्टॉक यांचे निरीक्षण मोलाचे होते. परंतु ते जनुक कोठे काम करते हे तपासण्याची साधने त्यांच्या काळी नव्हती.

कोठे, हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला गेला तो नर-मादी मिश्र माश्यांवर. भ्रूणाच्या अगदी सुरुवातीच्या विभाजनात एखाद्या केंद्रकातून एक एक्स गुणसूत्र गळाले, तर माशीच्या शरीराचा काही भाग नर आणि काही भाग मादी बनतो. होत्ता आणि बेंझर यांनी 1976 मध्ये अशा शेकडो माश्यांचे वर्तन पाहून, कोणता भाग नर असला म्हणजे कोणता टप्पा दिसतो याचा नकाशा काढला. पाठलाग करणे आणि पंख काढणे यांसाठी मेंदूचा वरचा भाग नर असावा लागतो; पुढच्या टप्प्यांसाठी वक्षातील चेतागुच्छिका, म्हणजे चेतापेशींचे पुंजके, नर असाव्या लागतात. मला हा प्रयोग आजही विलक्षण वाटतो, कारण त्यात रेणूंचा एकही प्रयोग नाही.

फ्रूटलेसचा शोध या प्रयोगाच्याही आधीचा आहे. कुलबीर गिल यांनी 1963 मध्ये असे नर वर्णिले जे नर आणि मादी दोघांचेही प्रियाराधन करत, एकत्र ठेवले तर एकामागे एक साखळी करून फिरत, पण मीलन कधीच पूर्ण करत नसत. जेफ्री हॉल यांनी 1970च्या दशकात त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. 1996 मध्ये हे जनुक हाती आले आणि त्याचे कामही कळले. माशीत लिंग वाय गुणसूत्रावर ठरत नाही. एक एक्स आणि वाय नसलेली माशी नरच असते, फक्त वंध्य असते. दोन एक्स असले की सेक्स-लीथल हे जनुक चालू होते, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर हे प्रथिन बनते, आणि ट्रान्सफॉर्मर पुढे डबलसेक्स आणि फ्रूटलेस या दोन जनुकांच्या आरएनएची काटछाट (जनुकाच्या प्रतीतील काही तुकडे गाळून उरलेले जोडणे) मादीच्या पद्धतीने घडवून आणते. एक एक्स असला की ही साखळी चालत नाही, काटछाट नराच्या पद्धतीने होते आणि फक्त नरांतच फ्रूटलेसचे एक विशिष्ट प्रथिन बनते. 2005 मध्ये देमिर आणि डिक्सन यांनी नराला मादीची काटछाट आणि मादीला नराची काटछाट दिली. पहिला गट प्रियाराधन करेनासा झाला. दुसऱ्या गटातील माद्या इतर माद्यांमागे फिरून पंख थरथरवू लागल्या. वर्गात सांगितले जाते ते येथपर्यंतचे.

यापुढचे निष्कर्ष मात्र सहसा सांगितले जात नाहीत. फ्रूटलेसचे नर-प्रथिन सुमारे 2000 चेतापेशींत असते. प्रौढ मादीच्या मेंदूचा 2024 मध्ये पूर्ण झालेला जोडणी-नकाशा सुमारे 1,39,000 चेतापेशींचा आहे, त्यावरून हे प्रमाण किती लहान आहे ते लक्षात येईल. या पेशी नाक, पाय, मेंदू आणि वक्ष यांत विखुरलेल्या असून एकमेकींशी जोडलेल्या आहेत. त्यांपैकी पी-वन या नावाचा, फक्त नरांत आढळणारा मेंदूतील लहानसा गट मादीकडून येणारे गंध, चव आणि दृश्य संकेत एकत्र आणतो, आणि तो चेतवला की नर प्रियाराधनास लागतो. विशेष म्हणजे हा गट घडवण्यात डबलसेक्सचाही मोठा वाटा आहे. 2008 मध्ये क्लाइन आणि मीसनबोक यांनी डोके काढलेल्या माद्यांच्या वक्षातील ठरावीक चेतापेशी प्रकाशाने चेतवल्या, तेव्हा त्या माद्यांनीही पंख बाहेर काढून गाणे काढले, जरी ते नराइतके घोटीव नव्हते. म्हणजे गाण्याची यंत्रणा मादीतही असते, फक्त तिला आज्ञा मिळत नाही. पुढे 2014 मध्ये पान आणि बेकर यांनी दाखवले की फ्रूटलेसचे नर-प्रथिन अजिबात नसलेला नर एकटा वाढला तर प्रियाराधन करत नाही, पण इतर माश्यांच्या संगतीत काही दिवस राहिला तर करू लागतो, आणि त्यासाठी डबलसेक्स लागते. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी असे सांगतो की फ्रूटलेस वर्तन लिहीत नाही. ते काही ठरावीक चेतापेशींची जोडणी अशी घडवते की अनुभवावाचून, पहिल्याच भेटीत, नराला प्रियाराधन जमावे.

वर्तमानपत्रांनी या संशोधनाचा जो अर्थ माणसापर्यंत ओढला त्याबद्दल एकच वाक्य पुरे: फ्रूटलेसची नर-मादीगणिक वेगळी होणारी ही काटछाट कीटकांतील यंत्रणा आहे आणि माणसाच्या लैंगिकतेबद्दल तिच्यावरून काहीही सिद्ध होत नाही. मादीने नाकारलेले नर अल्कोहोलमिश्रित अन्न जास्त खातात या 2012 च्या निष्कर्षाचीही अशीच थट्टा झाली. त्यातला खरा मुद्दा न्यूरोपेप्टाइड एफ या मेंदूतील रेणूचे प्रमाण मीलनाने वाढते आणि नकाराने घटते, हा होता.

आता एकाच प्रजातीतील दोन नरांमधला फरक. ऑब्रे मॅनिंग यांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रत्येक पिढीतून सर्वांत लवकर आणि सर्वांत उशिरा मीलन करणाऱ्या जोड्या वेगळ्या काढून त्यांचे स्वतंत्र वंश वाढवले. 25 पिढ्यांत एक वंश काही मिनिटांत मीलन करणारा आणि दुसरा तासाहून अधिक वेळ घेणारा झाला. निवड केल्यावर गुण असा पिढ्यानपिढ्या सरकत जातो याचा अर्थ त्यामागे थोडा थोडा परिणाम करणारी अनेक जनुके आहेत. आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात बी. एन. सिंह आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ड्रोसोफिला अनानासी या भारतात सर्वत्र आढळणाऱ्या प्रजातीच्या मीलन-वर्तनावर दीर्घकाळ काम केले आहे. तुमच्या प्रबंधासाठी ते वाचणे मी आवश्यक मानतो, कारण त्यात भारतीय ठिकाणांहून पकडलेल्या माश्या आहेत.

कधीकधी फरक एका जागी सापडतोही. ड्रोसोफिला सिम्युलन्सच्या एका वंशाची गुणगुण वेगळ्या कंपनाची होती. 2016 मध्ये डेव्हिड स्टर्न यांच्या गटाने त्याचे कारण स्लोपोक या जनुकात घुसलेला एक उडता, म्हणजे जनुकसंचात जागा बदलू शकणारा, डीएनए-तुकडा असल्याचे दाखवले. हे जनुक पोटॅशियम आयन वाहिनीचे आहे आणि चेतासंस्थेत ते सर्वत्र लागते. गाण्याचे जनुक म्हणावे असे त्यात काहीच नाही. तरीही गाणे बदलले.

येथे पीरियड या जनुकाचा उल्लेख टाळता येत नाही. कायरियाकू आणि हॉल यांनी 1980 मध्ये मांडले की ठोक्यांतील अंतर सुमारे मिनिटभराच्या लयीत कमी-जास्त होते आणि दैनिक घड्याळाच्या पीरियड जनुकातील उत्परिवर्तनांनी ही लयही बदलते. पुढे असेही मांडले गेले की दोन प्रजातींच्या लयीतील फरक या एका जनुकाबरोबर हलवता येतो. अनेक पुस्तकांत हे अंतिम सत्य म्हणून छापले आहे. 2014 मध्ये स्टर्न यांनी स्वयंचलित पद्धतीने ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांत अशी लय आढळत नाही असे दाखवले, मूळ संशोधकांनी त्याला उत्तर दिले, आणि वाद मिटलेला नाही. 2017 चे नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना मिळाले ते दैनिक घड्याळासाठी. त्याने गाण्याच्या लयीवर शिक्कामोर्तब होत नाही. परीक्षेत हा मुद्दा आला तर वाद आहे असे लिहावे.

उत्क्रांतीचा खरा ऐवज प्रजातींच्या तुलनेत आहे. मेलानोगास्टर आणि सिम्युलन्स या बहिणी-प्रजाती. त्यांचे नर तर फक्त जननांगांवरून ओळखावे लागतात. मेलानोगास्टरच्या मादीच्या त्वचेवर 7,11-हेप्टाकोसाडाईन हे हायड्रोकार्बन असते, सिम्युलन्सच्या मादीवर ते नसते. हा फरक डीसॅट-एफ या विकराच्या जनुकाशी निगडित आहे: मेलानोगास्टरमध्ये डबलसेक्सच्या नियंत्रणाखाली ते फक्त मादीत चालू होते, सिम्युलन्समध्ये ते चालूच होत नाही. अनेक प्रजातींच्या तुलनेत असे दिसते की या जनुकाचे चालू-बंद होणे उत्क्रांतीत वारंवार बदलले आहे.

संकेत बदलला, पण तो घेणारा कसा बदलला? याचे उत्तर व्हेनेसा रूटा यांच्या प्रयोगशाळेतून 2018 मध्ये आले आणि या क्षेत्रातील अलीकडच्या कामांत मी ते सर्वांत महत्त्वाचे मानतो. सिम्युलन्सच्या नराच्या पायावरील चेतापेशींना 7,11-हेप्टाकोसाडाईन जाणवते, म्हणजे ग्राहक शाबूत आहेत. पी-वन पेशीही दोन्ही प्रजातींत आहेत आणि त्या कृत्रिमरीत्या चेतवल्या तर दोन्ही नर प्रियाराधन करतात. फरक आहे तो मधल्या वाटेवर. पायाकडून येणारा संदेश पी-वनपर्यंत दोन मार्गांनी पोहोचतो, एक उत्तेजक आणि एक दमन करणारा. मेलानोगास्टरमध्ये उत्तेजनाचे पारडे जड आहे, सिम्युलन्समध्ये दमनाचे. त्यामुळे तोच रेणू एका नराला पुढे ढकलतो आणि दुसऱ्याला मागे खेचतो. मुख्य यंत्रणा जशीच्या तशी ठेवून तिच्याकडे जाणाऱ्या संदेशांचा तोल बदलणे, हा उत्क्रांतीचा मार्ग येथे प्रत्यक्ष दिसतो, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे: फ्रूटलेसच्या पेशींचे जाळे टिकते, त्याच्या कडेचे संकेत आणि त्यांचे वजन बदलते.

प्रजातींनी एकमेकींशी मीलन टाळणे एवढे का महत्त्वाचे, हे या दोन प्रजातींच्या संकरावरून कळते. मेलानोगास्टर मादी आणि सिम्युलन्स नर यांच्या संततीत मुलगे मरतात आणि मुली वंध्य असतात. अशी संतती वाढवण्यात वाया जाणारे प्रत्येक अंडे मादीचे नुकसान करते, म्हणून चुकीचा नर ओळखणाऱ्या मादीला लाभ होतो. जेरी कॉइन आणि ॲलन ऑर यांनी 1989 मध्ये ड्रोसोफिलाच्या अनेक प्रजाती-जोड्यांची तुलना केली, तेव्हा एकाच प्रदेशात राहणाऱ्या जोड्यांत मीलनातील दुरावा दूरदूर राहणाऱ्या जोड्यांपेक्षा फार लवकर निर्माण झालेला दिसला. हवाई बेटांवर तर शेकडो प्रजाती झाल्या असून काहींचे नर मोक्याची जागा अडवून एकमेकांशी झुंजतात. ड्रोसोफिला हेटेरोन्यूरा या प्रजातीच्या नराचे डोके हातोड्यासारखे रुंद आहे ते याच झुंजीमुळे.

परंतु लैंगिक निवड, म्हणजे जोडीदार आणि संतती मिळवण्याच्या स्पर्धेतून होणारी निवड, मीलनाबरोबर संपते असे समजू नये. मादीने दुसऱ्या नराशी मीलन केले की शुक्राणूंची स्पर्धा सुरू होते आणि मेलानोगास्टरमध्ये बहुतांश संतती शेवटच्या नराची निघते. म्हणूनच आधीच्या नराला मादीचे पुढचे मीलन लांबवण्यात लाभ असतो, आणि ते काम वीर्यद्रवातील सेक्स पेप्टाइड करते. फक्त 36 अमिनो आम्लांचा हा रेणू शुक्राणूंच्या शेपटीला चिकटून मादीच्या शरीरात साठून राहतो आणि हळूहळू सुटत जातो. त्यामुळे साधारण आठवडाभर मादी नरांना नाकारते आणि अंडी अधिक घालते. त्याचा ग्राहक 2008 मध्ये सापडला, तेव्हा लक्षात आले की हा ग्राहक सेक्स पेप्टाइड नसलेल्या अनेक कीटकांतही आहे आणि तेथे तो दुसऱ्याच पेप्टाइडांसाठी वापरला जातो. नराने जुन्या कुलपाला नवी किल्ली घडवली.

या किल्लीची किंमत मादी मोजते. ट्रेसी चॅपमन, लिंडा पार्ट्रिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवले की वीर्यद्रवातील प्रथिनांमुळे मादीचे आयुष्य घटते. विल्यम राइस यांनी 1996 मध्ये अशी रचना केली की माद्यांची उत्क्रांती थांबलेली राहील आणि फक्त नर उत्क्रांत होत जातील. काही डझन पिढ्यांनी ते नर इतर नरांपेक्षा सरस ठरले आणि त्यांच्याशी मीलन करणाऱ्या माद्या अधिक मरू लागल्या. 1999 मध्ये हॉलंड आणि राइस यांनी उलट प्रयोग केला: प्रत्येक मादीला एकच नर दिला. चाळीसहून अधिक पिढ्यांनंतर ते नर कमी घातक झाले होते, आणि माद्याही घातक नरांपुढे कमी तग धरणाऱ्या झाल्या होत्या. लैंगिक संघर्षाचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला ठाऊक नाही. या स्पर्धेचे टोक पाहायचे असेल तर ड्रोसोफिला बायफर्काचा शुक्राणू पाहावा. काही मिलिमीटरच्या या माशीचा शुक्राणू उलगडला तर 5.8 सेंटिमीटर भरतो.

बेटमन यांच्या 1948 च्या प्रयोगाबद्दल दोन शब्द, कारण तो प्रत्येक अभ्यासक्रमात असतो. मीलनांच्या संख्येने नराची संतती वाढते, मादीची तेवढी वाढत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. पालक ओळखण्यासाठी त्यांनी ठळक उत्परिवर्तने वापरली होती. पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रयोग पुन्हा केला, तेव्हा दोन्ही पालकांकडून उत्परिवर्तन मिळालेली पिल्ले वाढण्याआधीच मरत असल्याचे आणि त्यामुळे मीलनांची मोजणीच चुकत असल्याचे दिसले. लैंगिक निवडीचे तत्त्व यामुळे कोसळत नाही. हा एक प्रयोग मात्र त्याचा आधार म्हणून सांगू नये.

आता प्रयोगशाळा. सोलापुरात या कामाचा पहिला शत्रू तापमान आहे. मेलानोगास्टरचे नर 30 अंशांच्या आसपास वाढले तर वंध्य होऊ लागतात, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांवर असतो. बीओडी इनक्यूबेटर (तापमान स्थिर राखणारे कपाट) 25 अंशांवर चालू राहण्याची खात्री नसेल तर प्रकल्प डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातच बसवावा. कूलरच्या हवेने खोली थंड होते, पण ओलाव्याने बाटल्यांत बुरशी धरते. खाद्यासाठी 1 लिटर पाण्याला रवा 100 ग्रॅम, गूळ 100 ग्रॅम, अगर 10 ग्रॅम आणि शेवटी, शिजवून थोडे निवल्यावर, प्रोपिओनिक आम्ल 7.5 मिलिलिटर हे आपल्याकडील प्रयोगशाळांत रुळलेले प्रमाण चांगले चालते. वरून यीस्ट घालावे.

मार्केट यार्डात किंवा घरी केळ्याचा सापळा लावून माश्या धरता येतील, पण त्या मिश्र असतील. अंगावर पांढरे उभे पट्टे असलेली माशी झॅप्रिओनस होय, ती बाजूला काढावी. पोटाचे टोक काळे असलेला आणि पुढच्या पायावर एकच ठसठशीत फणी असलेला नर मेलानोगास्टरच्या गटातला असण्याचा संभव मोठा, तर अनानासीचे पोट फिके असते. खात्रीचे वंश हवे असतील तर म्हैसूर विद्यापीठाच्या ड्रोसोफिला साठा केंद्राकडे विभागामार्फत मागणी करावी.

कुमारी माद्या 25 अंशांवर कोषातून बाहेर पडल्यापासून 8 तासांच्या आत वेगळ्या काढाव्यात, नरही एकेकटे ठेवावेत, आणि दोघांचे वय चार-पाच दिवसांचे झाल्यावर सकाळी निरीक्षण करावे. ईथर दिलेल्या माश्यांचे त्याच दिवशी निरीक्षण करू नये. जोडी लावताना जाळी बसवलेल्या नळीने तोंडाने ओढून हलवावे. पहिली 10 मिनिटे नर किती वेळ प्रियाराधनात होता ते सेकंदांत मोजावे, आणि मीलन कधी सुरू झाले व किती चालले ते पुढे नोंदवावे.

माझी सूचना अशी की पिवळ्या नराचा प्रयोग निवडावा. येथे बहुतेक जण पिवळा वंश आणि नेहमीचा वंश यांची थेट तुलना करतात आणि तेथेच चुकतात, कारण दोन वंशांत यलोखेरीज असंख्य फरक असतात. पिवळ्या माद्यांचा संकर नेहमीच्या नरांशी करा. त्यांच्या मुली यलोच्या वाहक असतील. या मुलींचा पुन्हा नेहमीच्या नरांशी संकर केला की त्यांचे निम्मे मुलगे पिवळे आणि निम्मे नेहमीच्या रंगाचे निघतात. या भावाभावांची तुलना करा, म्हणजे इतर गुणसूत्रांचा फरक दोन्ही गटांत सारखा वाटला जाईल. दुसरा गट म्हणून पंख कापलेले नर घेता येतील. मात्र कापणी दोन दिवस आधी करावी आणि तुलनेच्या नरांनाही तेवढाच ईथर द्यावा, पंख न कापता.

विश्लेषणात, ठरलेल्या वेळेत ज्या जोड्यांचे मीलन झाले नाही त्या वगळू नयेत आणि त्यांच्यापुढे कमाल वेळही लिहू नये. मीलन झाले की नाही याची तुलना फिशरच्या चाचणीने आणि वेळेची तुलना जीवितता-विश्लेषणाने (मीलन न झालेल्या जोड्याही हिशोबात धरणाऱ्या सांख्यिकी पद्धतीने) करावी. पिवळ्या भावांचे प्रियाराधन नेहमीच्या भावांइतकेच भरले, चढण्याचे प्रयत्नही झाले आणि मीलने मात्र कमी झाली, तर दोन्ही गटांतील नरांचे पुढचे पाय स्लाइडवर घेऊन फणीचा रंग आणि दात यांची छायाचित्रे प्रबंधात जोडावीत. प्रियाराधनच कमी भरले, तर तसे लिहावे आणि बॅस्टॉक यांच्या 1956 च्या नोंदींशी ते ताडून पाहावे. पंख थरथरवण्याचा वेळ वेगळा मोजलेला असेल तरच ही तुलना करता येईल, म्हणून तो रकाना पहिल्या दिवसापासून तक्त्यात ठेवावा.